उत्तर येईपर्यंत

मल्लूनं कापड ओढायचा लोखंडी आकडा उचलला, तेव्हा भूपालण्णा अजून चष्मा पुसत होते. शेडमध्ये वाफ कोंडली होती आणि काचा सारख्या धुरकटत होत्या. पहिला फटका त्यांच्या खांद्यावर बसला. दुसरा मनगटावर, आणि चष्मा उडून माझ्या केबिनच्या काचेवर येऊन आपटला.

मी काचेच्या आत होते. दाराला आतून कडी होती. ती मीच लावली होती, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं सांगता सांगता मी स्वतःची वकिली करायला लागेन, आणि त्यात मी हुशार आहे.

चौदा वर्षं झाली. इचलकरंजीत मगदूम साहेबांचं कापड रंगवायचं प्रोसेस हाऊस होतं. शेडमध्ये चार मशिनं, म्हणजे खोलीएवढी आडवी पोलादी पिंपं. त्यात कापड आणि रंगाचं पाणी घालायचं, झाकण आवळायचं आणि एकशेतीस अंशांपर्यंत तापवायचं. उघड्या पातेल्यातलं पाणी शंभराला उकळून जातं. कोंडलेलं पाणी जात नाही, झाकण उघडायची वाट बघत बसतं. घरचा कुकर वाफ जिरायच्या आत उघडायला गेलेल्या बाईला हे वेगळं सांगायला नको.

चारही मशिनांचं तापमान आणि दाब शेडच्या कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये कॉम्प्युटरवर दिसायचा. त्याच्यासमोर भूपालण्णा चौगुले बसायचे. वय छप्पन्न, नोकरी एकतीस वर्षांची. आकडा ऐंशीच्या खाली आला आणि दाब शून्य झाला, की भोंग्यावरून ओरडायचे, "दोन नंबर, उघड!" मग खाली मशीनवर असलेला सिद्राम झाकणाचं चाक फिरवायचा. सिद्राम आणि अण्णा दुपारी एका डब्यात जेवायचे. सिद्रामच्या बायकोच्या हातची शेंगदाण्याची चटणी अण्णांना लागायची आणि अण्णांच्या घरचं ताक सिद्रामला.

मला बोलावलं होतं ते कॉम्प्युटरचा पडदा अडकतो म्हणून. मी मिरजेची, प्रोग्राम लिहिणारी, चोवीस वर्षांची, कॉलेजात पहिली आलेली. बाकी काय सांगू! अति शहाणी, एवढं सांगितलं की पुरे.

जुना प्रोग्राम साधा होता. एक नंबरला विचारायचा, "तुझं तापमान किती?" उत्तर येईपर्यंत गप्प उभा राहायचा. आलं की दोन नंबरला विचारायचा. चौघांत मिळून वायर एकच, तीही दमट हवेत कुरकुरणारी. एखाद्या मशीननं उत्तर द्यायला वेळ लावला, की सगळा पडदा दगड. बटण दाबलं तरी हलायचा नाही.

"दिवसातनं कितीदा अडकतो?" मी अण्णांना पहिल्या दिवशी विचारलं.

"वीसदा तरी."

"मग तुम्ही काय करता?"

"वरडतो की! 'अडकलं रे!' म्हणून. मग सिद्राम स्टुलावर चढतो आणि मशीनवरचा काटा बघून खालनं आकडा सांगतो." अण्णा हसले. "अडकतोय ते बरं हाय, मॅडम. अडकला की माणूस उठतोय."

मीही हसले. म्हातारी माणसं आपल्या गैरसोयीच्याही प्रेमात पडतात, असं काहीतरी मनात म्हणाले असेन.

मी तो प्रोग्राम नवा लिहिला. आता पडद्यानं थांबायचं नाही. दर सेकंदाला टायमर टिचकी मारणार, टिचकीसरशी पुढच्या मशीनला प्रश्न जाणार, आणि प्रश्न पाठवला की प्रोग्राम मोकळा. उत्तर जेव्हा येईल तेव्हा त्या मशीनच्या चौकटीत बसवायचं. पडदा पाण्यासारखा वाहायला लागला. मी एका कोपऱ्यात सेकंदाचं घड्याळही टाकलं. काही गरज नव्हती. कधीच अडकत नाही, हे सगळ्यांना दिसावं म्हणून टाकलं.

तीन आठवडे पडदा एकदाही अडकला नाही. तीन आठवडे सिद्राम एकदाही स्टुलावर चढला नाही. मी ते स्टूल कोपऱ्यात पाहिलंही होतं. त्यावर कुणीतरी डबे ठेवायला लागलं होतं.

त्या सकाळी मी काम सोपवायला आले होते. मगदूम साहेब येऊन सही करणार, मग मी मोकळी. पिशवीत पेढेही आणले होते. अकराच्या सुमारास मी अण्णांच्या खुर्चीमागं उभी होते. बाहेर दोन नंबर रिकामं करणं चाललं होतं. तीन नंबरमध्ये गडद निळा रंग होता.

पडद्यावर तीनचं तापमान चौसष्ट झालं. दाब शून्य.

"लई लवकर उतरलं की," अण्णा म्हणाले. त्यांनी चष्मा वर करून आकडा पुन्हा बघितला. चौसष्ट. एकदा माझ्याकडं बघितलं.

"नवीन पडदा आहे अण्णा," मी म्हणाले. "आता लगेच कळतं."

त्यांनी माईक ओढला. "तीन नंबर, उघड!"

झाकणात दाब असेपर्यंत चाक फिरू न देणारा एक खटका असतो. तीन नंबरचा खटका दोन वर्षांपूर्वी तुटला होता आणि तेव्हापासून दुरुस्तीच्या यादीत होता. सिद्रामनं चाक फिरवलं. चौथ्या वेढ्याला झाकणानं त्याला स्फोटासारखं मागं फेकलं आणि आतून एकशे एकतीस अंशांचं निळं पाणी त्याच्या अंगावर आलं. तो ओरडला नाही. ओरडायला श्वास लागतो, आणि त्यानं श्वासाबरोबर वाफ घेतली होती. दोघांनी त्याला ओढून बाजूला केलं तेव्हा शर्टाबरोबर पाठीची कातडी आली. माणूस आत इतका गुलाबी असतो, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाकी सगळा निळा होता.

अण्णा खुर्ची पाडून बाहेर पळाले. मी पडद्याकडं बघत राहिले. तीनची चौकट अजून चौसष्ट सांगत होती. मग एकशे एकतीस. मग पुन्हा चौसष्ट.

मल्लू हा सिद्रामचा धाकटा भाऊ, शेजारच्या खात्यात कापड वाळवायच्या मशीनवर. त्यानं भावाला हातांवर उचलून गाडीपर्यंत नेलं. गाडी गेली. तो परत आला तेव्हा त्याचे हात कोपरापर्यंत निळे होते आणि तो काहीच बोलत नव्हता.

बोलले मगदूम साहेब. पन्नास माणसांसमोर, मोठ्यानं. "पॅनेलवर कोण होतं? भूपाल? झोपला होतास का काय रे?"

एवढं बोलून ते केबिनशी आले आणि दार अर्धं लोटून मला हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, आत बसा. कडी लावा. हे कामगारांचं आपापसातलं आहे, तुम्ही पडू नका यात." तुटलेल्या खटक्याची यादी कुणाच्या टेबलावर पडून होती, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. त्यांना माहीत होतं. चोर सोडून संन्याशाला सुळी द्यायची तर संन्यासी समोरच उभा होता, चष्मा पुसत.

मी कडी लावली.

खरं बोलायला मला एकच वाक्य लागत होतं. पडद्यावर चौसष्ट होतं, मी स्वतः पाहिलं. पण त्याच्यामागून दुसरा प्रश्न आला असता, पडदा कुणी केला? म्हणून मी गप्प बसले. भीती वाटत होती. पण भीतीखाली हा हिशोबही चालू होता, आणि त्याची मला आजही किळस वाटते.

बाहेर मल्लू मारत होता. दोघांनी अण्णांचे हात धरले होते. आकड्याचं टोक वळवून त्यानं दांड्याची बाजू पुढं घेतली होती, म्हणजे ठार करायचं अजून ठरलं नव्हतं.

"खुर्चीत होतास काय तू?" फटका. बरगडीवर. अण्णांचं तोंड उघडलं, पण आवाज आला नाही.

"होतास काय खुर्चीत?" फटका.

अण्णा श्वास ओढत होते. ओठ हलत होते.

"का झोपला होतास?" फटका. "सांग की! झोपला होतास?"

आणि तेव्हा अण्णांच्या तोंडातून रक्ताबरोबर शब्द आला. "होय... होय..."

शेडमध्ये एक गुरगुर उठली. "कबूल झाला!" मागून कुणीतरी ओरडलं. "झोपला होता म्हणतोय!" ज्यांनी हात धरले होते त्यांनी सोडले, कारण आता त्यांनाही मारायचं होतं.

मला दिसलं होतं. मी काचेआड होते, मला ओठ दिसत होते. तो 'होय' खुर्चीत होतास काय याचा होता. त्यांना दम लागला होता, उत्तर मागं राहिलं होतं, आणि मल्लू थांबला नव्हता. त्यानं पुढचा प्रश्न टाकला, मागच्याचं उत्तर आलं, आणि सगळ्यांनी ते पुढच्याला चिकटवलं.

काचेच्या अलीकडेच पडदा होता. तीन नंबर, चौसष्ट.

चौसष्ट दोन नंबरचं होतं. दोन नंबर रिकामं होत होतं, गार होतं. टायमरनं त्याला विचारलं, वायर कुरकुरली, उत्तराला उशीर झाला. टायमर थांबला नाही, कारण थांबायचं नाही असं मीच त्याला शिकवलं होतं. त्यानं तीनला विचारलं. तेवढ्यात दोनचं उत्तर पोचलं. उत्तरावर नाव नसतं, नुसते तापमानाचे आणि दाबाचे आकडे असतात. माझ्या प्रोग्रामनं ते तीनच्या चौकटीत बसवले.

सिद्रामला ज्यानं उकळलं ते माझ्या डोळ्यांदेखत पुन्हा घडत होतं, या खेपेला माणसांत. आणि हे कळलेली त्या शेडमध्ये मी एकटीच होते.

तरी मी लगेच उठले नाही. हे सांगायचं होतं म्हणूनच बाकी सगळं सांगितलं. पडद्याच्या कोपऱ्यात मी हौसेनं टाकलेलं घड्याळ पळत होतं, त्यामुळं मला नेमकं माहीत आहे. अण्णांच्या 'होय'पासून माझा हात कडीला लागेपर्यंत सव्वीस सेकंद गेले. त्यात अकरा फटके पडले. नववा कानामागं बसला. त्याचा आवाज इतरांसारखा नव्हता.

मी कडी काढली.

"ते झोपले नव्हते!" माझा आवाज इतका बारीक निघाला की मला पुन्हा ओरडावं लागलं. "मल्लू! झोपले नव्हते ते! पडदा खोटा होता! चौसष्ट दाखवत होता. पडदा मी केलाय!"

तो वळला. तोंडावर घाम, नाक वाहत होतं. चोवीस-पंचवीसचाच असेल, माझ्याच वयाचा. वळताना त्यानं आकडा फिरवला. मला मारायचा म्हणून फिरवला की मारता मारता फिरला, कोण जाणे. मी डावा हात मध्ये घातला आणि कोपराखालचं हाड मोडलेलं ऐकलं. आधी ऐकलं, मग दुखलं. मी खाली निळ्या पाण्यात पडले. ते अजून कोमट होतं.

"काय म्हणालीस?"

"त्यांना विचार. पडद्यावर काय होतं ते विचार. एकदाच विचार. आणि थांब. उत्तर येईपर्यंत थांब, मारू नकोस."

मगदूम साहेब लांबून म्हणाले, "मॅडम, तुम्ही गप्प..."

"तुम्ही थांबा, साहेब," मल्लू त्यांच्याकडं न बघता म्हणाला.

तो अण्णांशेजारी गुडघ्यावर बसला. अण्णा कुशीवर पडले होते, कानातून रक्ताची बारीक धार जमिनीवरच्या निळ्यात मिसळत होती. डोळे उघडे होते.

"अण्णा," मल्लू म्हणाला. कधीपासूनच्या सवयीनं हाक आदराचीच निघाली. "पडद्यावर काय हुतं?"

आणि तो थांबला. पन्नास माणसं थांबली. मी आयुष्यात इतकं लांब थांबणं पाहिलेलं नाही. कुणी म्हणालं, "बोलत न्हाई, गेला." मल्लूनं हात वर करून त्याला गप्प केलं. अण्णांचे ओठ एकदा हलले, मिटले. एक बूट वाजला, तेवढाच.

"चौसष्ट," अण्णा म्हणाले.

मल्लूनं माझ्याकडं बघितलं. "आन् खरं किती हुतं?"

"एकशे एकतीस."

त्यानं आकडा खाली ठेवला. टाकला नाही, ठेवला, जागच्या जागी ठेवतात तसा. मग त्यानं आपली निळी बोटं स्वतःच्या तोंडात कोंबली आणि असा आवाज काढला की बाकीचे मागं सरले.

सिद्राम तिसऱ्या दिवशी गेला. खटका त्याच आठवड्यात बसवला, चारही मशिनांना. मी चौकशीत सगळं सांगितलं. मगदूम साहेबांच्या वकिलानं ते आनंदानं लिहून घेतलं, कारण त्यात खटका झाकला जात होता. मग मी खटक्याचंही सांगितलं, तेव्हा त्याचा आनंद गेला. मल्लूला चार वर्षांची शिक्षा झाली. मला कुणी अटक केली नाही. प्रोग्राम लिहिण्यात चूक होणं हा कुठल्या कलमात बसणारा गुन्हा आहे, हे त्यांना ठरवता आलं नाही. पुढं दोन वर्षं कुणी मला काम दिलं नाही, तेवढंच. दुरुस्ती मात्र मीच केली, हात गळ्यात बांधलेला असताना, उजव्या हातानं. एक ओळ होती. मागच्या प्रश्नाचं उत्तर आलं नसेल, तर नवा प्रश्न विचारू नकोस. चार मिनिटं लागली.

आणि घड्याळ काढून टाकलं. त्याऐवजी उत्तर उशिरा आलं की सगळा पडदा लाल होऊन अडकेल, असं केलं.

अण्णा जगले. कानामागच्या फटक्यानं त्यांचं बोलणं लांबलं. बुद्धी शाबूत आहे, माणसं ओळखतात, पेपर वाचतात. पण विचारलं तर उत्तर यायला वेळ लागतो. कधी मिनिट, कधी दोन. मी दरवर्षी एकदा त्यांच्या घरी जाते. पहिल्या खेपेलाच त्यांच्या बायकोनं, पद्मा काकूंनी, दारात सांगितलं होतं, "एका येळी एकच इचारा. आन् दम धरा. घाई केली की त्यांचं सगळं येकात येक हुतंय." काकूंना वाटलं, मला हे नवीन आहे.

इतक्या वर्षांत मी अण्णांना पाऊसपाणी विचारलं, नातवंडांचं विचारलं, गुडघ्याचं विचारलं. प्रत्येक वेळी थांबले. जे विचारायला जात होते ते विचारलं नाही. सव्वीस सेकंदांचं त्यांना माहीतही नाही. त्यांच्या लेखी मी धावून आलेली पोरगी आहे, जिचा हात मोडला.

गेल्या माघात गेले तेव्हा ते घराच्या पुढच्या सोप्यात एकटेच बसले होते. मी त्यांच्यासमोर खाली बसले आणि सांगून टाकलं. कडी मीच लावली होती, मला आधीपासून माहीत होतं, मी घड्याळ बघत बसले होते, नववा फटका त्यातलाच. सगळं. ते माझ्याकडं बघत होते. मग मी विचारलं, "अण्णा, राग आला माझा?"

आणि थांबले. भिंतीवरचं घड्याळ वाजत होतं. मी त्याच्याकडं बघितलं नाही. त्यांचे ओठ हलायला लागले.

तेवढ्यात आतून पद्मा काकू तांब्या घेऊन बाहेर आल्या. चौदा वर्षांत ज्यांनी कधी घाई केली नाही त्या, पाहुणी आलीय या लगबगीत, उंबऱ्यातूनच म्हणाल्या, "ताक देऊ काय वो?"

अण्णांनी मान हलवली. "होय," ते म्हणाले.

काकूंनी पेला भरला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी धरून सगळा पिऊन टाकला, आणि मिशी पुसत माझ्याकडं बघत राहिले.

पुन्हा विचारायला हवं होतं. एकच प्रश्न, आणि थांबायचं. कसं करायचं ते त्या घरात माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं. मी उठले, चपला घातल्या आणि पुढच्या वर्षी येते म्हणाले.